मी घरीच होते

७ जुलै २०२५, सोमवार

आजपासून मी नोकरदार बाई. हे एक वाक्य लिहायला मिळावं म्हणून परवा नवी वही आणली. बारावी झाली, मार्क बरे पडले, नापास-बिपास काही झाले नाही. हे लिहून ठेवलेलं बरं, कारण आमच्या नातेवाइकांना दुसरं काही सुचतच नाही. फक्त पुढे काय शिकायचं ते मला ठरवता येईना. वर्गातले सगळे घाईघाईने कुठे ना कुठे चिकटले. मी बाबांकडे एक वर्ष मागून घेतलं. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत क्वालिटी बघतात, त्यामुळे तपासल्याशिवाय घरातली चटणीसुद्धा पास होत नाही. तीन दिवस विचार करून म्हणाले, ठीक आहे, एक वर्ष. पुढच्या जूनला मुकाट्याने ॲडमिशन. आणि घरात लोळत पडायचं नाही. मी म्हटलं, लोळतेय कशाला, नोकरी करते.

तर नोकरी अशी : कल्याणला, तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत, उत्तमकाकांचं टायपिंगचं दुकान. सुट्टीत मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, तिचा असा उपयोग झाला. दुकान म्हणजे वर पत्रा, आत दोन कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर आणि लोकांना बसायला एक बाक. काका मोहन्याचे. तिथली रेयॉन कंपनी बंद पडल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं. स्वतः दोन बोटांनी टाइप करतात. माझी दहा बोटं चालताना बघून त्यांनी शेजारच्या दुकानातल्या दिपेशला हाक मारून बोलावलं आणि म्हणाले, बघ रे, पोरगी पेटी वाजवते जशी. मला फार भारी वाटलं.

जाते-येते आईच्या जुन्या स्कूटरवरून. डोंबिवलीहून पत्रीपुलावरून अर्धा तास. आईची सकाळची शाळा, शिकवून ती बाराला घरी येते. संध्याकाळी तिचं फोनवर बोलणं चाललेलं. मावशीला सांगत होती, उर्वी ना, घरीच आहे सध्या. मी नंतर चिडवलं की मुलगी टायपिस्ट झाली हे सांगायला लाज वाटते ना. ती म्हणाली, लोकांना कशाला गं सगळं सांगायचं. बरं. मी वहीला सांगते.

१६ जुलै, बुधवार

नऊ दिवसांत मी अर्धी वकील झालेय. भाडेकरार, नावात बदल, रेशनकार्डातून नाव कमी करणे, सगळं येतं. सध्या सीझन गॅप सर्टिफिकेटचा आहे. एखादं वर्ष शिक्षणात खंड पडला की कॉलेजवाले प्रतिज्ञापत्र मागतात, त्या वर्षात तुम्ही काय केलंत त्याचं. काकांकडे मजकूर तयार असतो, फक्त नाव, पत्ता आणि दोन तारखा बदलायच्या :

“मी, कु. अमुक तमुक, वय इतकी वर्षे, धंदा – शिक्षण, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, दिनांक अमुक पासून दिनांक तमुक पर्यंतच्या कालावधीत मी कोणत्याही शाळेत, महाविद्यालयात अगर संस्थेत प्रवेश घेतलेला नाही, कोठेही नोकरी अगर कामधंदा केलेला नाही. सदर कालावधीत मी घरीच होते.”

धंदा – शिक्षण. हे इतक्या सरळपणे कागदावर आलेलं बघून मी मोठ्याने हसले.

आज एक मुलगी आलेली, ती वर्षभर दवाखान्यात रिसेप्शनला बसलेली. मी म्हटलं, मग घरीच होते असं कसं लिहायचं, खोटं होईल. काका म्हणाले, अगो, सगली हेच लिवतात. काम केलं लिवलास की कॉलेजवाले त्याचा दाखला मागतात, मग तो आन, हा आन. घरी होतो बोललं की प्रश्न मिटला. मुलीने खाली सही ठोकली. नोटरी बिवलकर वकील दिवसातून दोनदा येतात, गठ्ठ्यावर शिक्के मारतात, वर बघत नाहीत. वरील मजकूर खरा व बरोबर आहे. मी आज असे अकरा केले. अकरा जण घरीच होते.

२४ जुलै, गुरुवार

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून हौसेने माझंच गॅप सर्टिफिकेट टाइप केलं. कु. उर्वी आनंद खांबेटे, वय १८ वर्षे, राहणार डोंबिवली पूर्व. १ जून २०२५ पासून, आणि पुढची तारीख कोरी, कारण वर्ष अजून संपायचंय. काकांना दाखवलं. ते खूश होऊन म्हणाले, मग आताच करून ठेव की. जूनला मुंगीला जागा नसते इथं. तारीख तेवढी तेव्हा टाकू, तारीख पडली का तुझं वर्ष संपलं, कागद खरा झाला. मी म्हटलं, पण मी तर इथे तुमच्यासमोर बसून काम करतेय. काका हसले. कागदाला काय दिसतंय, म्हणाले.

सही केली. वकिलांनी शिक्का उचलला आणि विचारलं, ओळखता ना यांना? काका म्हणाले, माझीच पोर हाय. ठप्प. लाल शिक्का, वर गोल हिरवा. काकांनी कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून खणात ठेवला.

घरी येताना आईसाठी सामोसे घेतले. या वर्षात करायच्या गोष्टींतली एक तरी आधीच झाली, याचा आनंद म्हणून.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज घरात पाऊल टाकल्या टाकल्या आई चिडलेली. म्हणे दुपारी चार हाका मारल्या, एकदाही ओ दिली नाहीस, खोलीत ढिम्म बसून होतीस. मी म्हटलं, आई, मी दुपारी कल्याणला होते. ती म्हणाली, हो का, मग पोळीभाजी कोणी खाल्ली? सिंकमध्ये ताट दाखवलं. ताट होतं खरं. आमटीची वाटी बाजूला सारलेली, मी सारते तशी.

शाळेत सध्या तपासणी आहे, आई दमते. दुपारी डुलकी लागली असेल, जेवली तीच असेल. मी ताट घासून टाकलं आणि तिला म्हटलं, म्हातारी झालीस. ती हसली. विषय संपला.

१३ ऑगस्ट, बुधवार

समोरच्या फ्लॅटमधल्या नीरजाकाकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, दुपारी खिडकीत केस वाळवत उभी असतेस रोज, छान वाटतं बघायला, नाहीतर हल्लीच्या मुली घरात टिकतात कुठे. मी म्हटलं, काकू, मी रोज नऊला बाहेर पडते. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं नाही. लक्ष दुसरीकडे असताना माणसं हलवतात तशी मान.

रात्री जेवताना बाबांनीही तेच काढलं. म्हणाले, आई सांगत होती, शहाण्यासारखी घरी बसायला लागलीस, बरं झालं, ते टायपिंगचं खूळ गेलं. मी चिडून म्हटलं, गेलं कुठे, मी आजही गेलेले. बाबांनी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं, जरा काळजीने. दोघं मिळून माझी गंमत करतायत असं आधी वाटलं. पण आमच्या घरात गंमत अशी ठरवून करायची पद्धत नाही. बाबांना एक विनोद सांगायलाही तयारी लागते.

९ सप्टेंबर, मंगळवार

सगळं नीट लिहिते.

दुपारी दोनला दुकानातून आईला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, एकदा तिला मागचं कपाट, प्रिंटर, काका, सगळं दाखवावं म्हणजे प्रश्न मिटेल. आईने फोन उचलला आणि पहिलंच वाक्य बोलली, अगं आतल्या खोलीतून फोन काय करतेस, बाहेर ये की. मी म्हटलं, आई, नीट बघ, मी दुकानात आहे. ती म्हणाली, अंधारलेलं दिसतंय, काही कळत नाहीये, थांब आत येते. आणि फोन हातात धरून चालायला लागली. मला आमचा पॅसेज दिसला. कॅलेंडर दिसलं. माझ्या खोलीचं दार तिने ढकललं.

पलंगावर कोणीतरी बसलेलं. पाठमोरं. माझा हिरवा कुर्ता, माझी वेणी, माझा डावा खांदा किंचित खाली असतो, तसाच खांदा. हातात काही नाही. फोन नाही, पुस्तक नाही. नुसती बसलेली. आई तिला म्हणाली, बघ, इथेच तर आहेस. आणि ती वळायला लागली, तेवढ्यात कॉल कट झाला. मी केला का आपोआप झाला, आठवत नाही.

काकांनी पाणी दिलं. ते पिऊन मी अर्धवट राहिलेला भाडेकरार पुढे टाइप केला. काय सांगणार.

१० सप्टेंबर, बुधवार

आज दुपारी न कळवता घरी गेले. पत्रीपुलावर जीव खाऊन स्कूटर पळवली. किल्लीने दार उघडलं. खोलीत कोणी नव्हतं. पलंगावर बसलेल्याचा खळगा होता, हात लावला तर ऊब होती. कंगव्यात ओले केस. माझे केस सकाळपासून कोरडे.

आई स्वयंपाकघरातून आली. म्हणाली, आत्ता तर आत होतीस, बाहेरून कशी आलीस? क्षणभर तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. मला इतकं बरं वाटलं ती भीती बघून. वाटलं, आता तिला कळेल, आता आम्ही दोघी मिळून घाबरू. पण ती लगेच हसली, म्हणाली मीच वेंधळी, आणि चहा टाकायला गेली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मला आता माहीत आहे हे कशामुळे आहे. वेड्यासारखं वाटेल, पण दुसरं काही नाही. मी खोटी शपथ घेतली की मी घरीच आहे. म्हणून कोणीतरी घरी आहे.

काकांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. म्हणाले, कोऱ्या तारखेचा कागद मी कधी केला नव्हता गो. माझ्या वस्तादाने सांगितलेलं, उघडा कागद सही करून ठेवायचा नाय. तू घरातली वाटलीस म्हणून केला. त्यांनी खणातून फोल्डर काढला आणि माझ्यासमोर कागद फाडला, बारीक बारीक तुकडे केले. मी रडले.

संध्याकाळी घरी गेले तर आई म्हणाली, दुपारभर झोपलीस, आता रात्री झोप येणार नाही. वकिलांच्या रजिस्टरला नोंद आहे. कागद फाडून काय होतं.

रजिस्टरात तारीख टाकून ते वर्ष आत्ताच संपवावं म्हटलं, तर बिवलकर फोनवर म्हणाले, शिक्क्यानंतर बदल नाही, नवीन प्रतिज्ञापत्र करा. स्वतः या, आधार घेऊन, आणि ओळख पटवणारं माणूस घेऊन. दिवाळीनंतर या, मी बाहेरगावी आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची सुट्टी. ठरवलंय, या सुट्टीत घराबाहेर पडायचंच नाही. मीच घरी असले तर दुसऱ्या कोणाला असायला जागा कुठे राहील? साधा हिशोब आहे. आईबरोबर चकल्या केल्या. माझा सोऱ्या नेहमीसारखा वाकडा चालला, तिने नेहमीसारखा हातातून काढून घेतला. आज खूप दिवसांनी पोटभर जेवले.

१९ ऑक्टोबर

आज घरीच होते.

२० ऑक्टोबर

आज घरीच होते.

२१ ऑक्टोबर

आज घरीच होते.

२२ ऑक्टोबर

आज घरीच होते.

२३ ऑक्टोबर

आज घरीच होते.

३ नोव्हेंबर, सोमवार. मोहने

वरच्या पाच नोंदी माझ्या नाहीत. अक्षर माझं आहे. पण त्या मी लिहिल्या नाहीत.

१९ तारखेला सकाळी आईने झेंडूची फुलं आणायला खाली पाठवलं. मी नको म्हणत होते. म्हटलं दहा मिनिटंच. चप्पल घालून तशीच गेले, फोन नाही, किल्ली नाही. वर येऊन बेल वाजवली. आईने दार उघडलं, माझ्याकडे छान हसून बघितलं आणि आत तोंड करून हाक मारली, उर्वी, अगं मैत्रीण आलीय तुझी. आणि आतून आवाज आला, हो, आले. माझा आवाज.

मी म्हटलं, आई, मी उर्वी आहे. आई हसली. तुम्ही मुली म्हणजे ना, म्हणाली, आणि पाणी आणलं. पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासात. मी हातातली फुलं तिथेच टाकून पळाले.

बाबांच्या कंपनीच्या गेटवर गेले, सुट्टीनंतर, २४ ला. ते बाहेर आले. मी सगळं सांगितलं, लहानपणीचं, आमच्यातलं, कोणालाही माहीत नसलेलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बाबा ऐकून घेतातच. मग घरी फोन लावला, म्हणाले, उर्वी, बोल गं जरा. थोडं ऐकलं. फोन ठेवला आणि मला म्हणाले, बाळा, तुझ्या घरी कोणी आहे का? कोणाला कळवू? रिक्षा करून दिली मला. दार स्वतः उघडून धरलं. त्यांचा आवाज इतका मायेचा होता की मला त्यांचा रागही करता आला नाही.

काकांनी १९ पासूनच मोहन्याला आपल्या घरी ठेवून घेतलंय. त्यांची बायको आवडाबाई काही विचारत नाही, ताटात भात जास्त वाढते.

काल पुन्हा घरी गेले, मैत्रीण म्हणूनच. उर्वी अंघोळीला गेलीय, बस, म्हणाली आई. टेबलावर ही वही होती. उचलली आणि निघाले. अंघोळीच्या पाण्याचा आवाज येत होता. ती गुणगुणत नव्हती. मी अंघोळ करताना नेहमी गुणगुणते, आईला कळायला नको का?

१७ नोव्हेंबर, सोमवार

बिवलकर वकील आले. मी पुढे उभी राहिले, नवीन प्रतिज्ञापत्र घेऊन. आधार? माझं आधार घरी आहे. तिच्याकडे आहे. बरं, ओळखणारं कोण? काका पुढे आले. म्हणाले, मी ओळखतो की, रोज इथं बसते, ही आपली... ही...

नाव आलं नाही त्यांना. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. वकील म्हणाले, ज्यांचं प्रतिज्ञापत्र आहे त्यांना घेऊन या.

१३ डिसेंबर

बाजारात दोघी दिसल्या. आई तिच्या कोपराला धरून चाललेली. मी मटारच्या गाडीआड उभी राहिले. तिचा चेहरा माझाच आहे, फक्त झोप झालेला. आई भाव करत होती, ती नुसती उभी होती. उलट बोलत नाही, मध्ये तोंड घालत नाही, हे नको ते हवं म्हणत नाही.

आई खूश आहे. मी तिला इतकी खूश कधी ठेवली नव्हती. हे लिहिताना फार दुखतंय.

२० जानेवारी २०२६

काका आता मला ताई म्हणतात. आवडाबाईही. प्रेमानेच. नाव कोणी विचारत नाही. मी रोज सकाळी वहीच्या मागच्या पानावर पूर्ण नाव लिहिते, वडिलांच्या नावासकट. आज खांबेटे लिहिताना थांबले. ब का बे... मग आठवलं.

१ मार्च

गॅप सर्टिफिकेटांची कामं पुन्हा यायला लागलीत. एकेक टाइप करताना बघते त्या मुलींकडे. घरीच होते, घरीच होते. त्यांच्या तारखा दोन्ही भरलेल्या. त्यांचं काही होत नाही. सांगावंसं वाटतं — पण काय —

कोणाला ऐकू जातं कोण जाणे. दिपेशला आज तीनदा हाक मारली.

२ मे

नवीन विचार. तारीख पडेल तेव्हा काय होईल?

काका म्हणाले होते, तारीख पडली की कागद खरा. १ जूनपासून त्या तारखेपर्यंत उर्वी खांबेटे घरी होती. मग दुकानात कोण होतं? पत्रीपुलावर कोण होतं? ज्या दिवसांत मी बाहेर होते ते सगळे दिवस — तिचे. माझ्या नावावर एकही राहणार नाही.

तारीख पडेपर्यंतच मी आहे. कळलं ते एवढंच.

आणि जूनला बाबा ॲडमिशन घेणारच, म्हणजे तारखेसकट नवं गॅप सर्टिफिकेट लागणारच. बाबा शब्दाचे पक्के.

८ जून

रोज गल्लीच्या तोंडाकडे बघते. काकांना म्हटलं, मला आत बसवा, टेबलावर नको. त्यांना ऐकू —

गर्दी. फार गर्दी आहे.

१२ जून, शुक्रवार

आले. तिघंही.

काका कचेरीत गेलेत. टेबलावर मी एकटी. बाबा पुढे आले, म्हणाले, मॅडम, मुलीचं गॅप सर्टिफिकेट करायचंय, आज ॲडमिशनची शेवटची तारीख आहे. मॅडम.

त्यांनी सांगायच्या आधीच मी नाव टाइप केलं. जन्मतारीख, पत्ता, विंग, फ्लॅट नंबर. बाबा चकित झाले, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, मी तुमची — आई मध्येच कौतुकाने म्हणाली, हुशार आहेत हो या, बघा बोटं कशी चालतात.

आई पहिल्यांदा माझं टाइप करणं बघत होती.

मी मजकूर बदलला. सदर कालावधीत मी कल्याण येथे टायपिस्ट म्हणून काम करत होते. पूर्ण लिहिलं. तेव्हा ती वाकली, माझ्या खांद्यावरून, स्क्रीन वाचली. केसांना आमच्या घरच्या तेलाचा वास. हळूच म्हणाली, हे चुकलंय. मी घरीच होते.

बाबा म्हणाले, हो हो, ती घरीच होती, मॅडम. आई म्हणाली, वर्षभर. कुठ्ठे गेली नाही माझी बाई.

मी दुरुस्त केलं. न करून काय — दिपेशकडे गेले असते. त्याच्याकडेही हाच मजकूर आहे.

तारीख राहिलीय. आजचीच टाका, आई म्हणाली. आधारची झेरॉक्स काढायला समोर गेलेत तिघं, तेवढ्यात हे लिहितेय. आईने पर्स माझ्यापाशी ठेवलीय, बघा हं जरा, म्हणाली. कोणा परक्याकडे ठेवत नाही ती पर्स. कधीच नाही. मग माझ्याकडे का —

पळाले असते. कुठे. वर्ष माझ्याबरोबरच येईल.

येतायत. आईच पुढे. हात करतेय, झालं का, उशीर होतोय आम्हाला. झालं म्हटलं. बाबा घड्याळ बघतायत. ती माझ्याकडे बघतेय, तिला माहीत आहे. तिलाही वाईट वाटतंय, दिसतंय मला. तीही काही करू शकत नाही.

आई, इकडे बघ ना. एकदा. मी

दिनांक बारा जून दोन हजार स